दोर कुणाच्या हाती

वरचीवाडी, पेटा पोलादपूर
वैशाख शुद्ध तृतीया, शके १८५२

चिरंजीव येसाजी,

आजीचा हात तुझ्या डोक्यावर हाय असं समज आन मग पुढं वाच.

तुझं पत्र काल आलं. टपालवाल्याने ओढ्यापाशी हाळी दिली, मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळाले, ती करपली. तुझ्या बापाने करपलेलीच खाल्ली. भागोजीला आता ठाऊक झालंय, विलायतेचं पत्र आलं की या घरात कायच जागेवर नसतं.

संध्याकाळी अंगणात वाचलं. आख्खी वाडी येते रे. तू आगबोटीच्या भट्टीत कोळसा घालतोस हे वाचलं की बायका पदर तोंडावर घेतात, जशी काय ती धग हितंच लागते. साळूबाई पुढं बसते आन मधीच तोंड घालते. "विलायतेत शेण असतं काय गो?" मी म्हटलं, गाई हायत तिथं शेण असणारच. "मंग त्यो लिवत का नाय?" आता एवढं लिही बाबा, नायतर ती मला पुढचं वाचू द्यायची नाय.

मी वाचते याचं लोकांना अजून नवल. भागोजी पोलादपुरला शाळेत जायचा तेव्हा त्याच्याच पाटीवर मी शिकले. तो तिसरीत शाळा सोडून बसला, मग माझीबी शाळा तिथंच सुटली. पण तेवढ्यावर तुझी पत्रं वाचते, आन हे लिहिते. एक पान लिहायला दोन दिवस जातात. जाऊ देत, दुसरं काय करायचंय.

तू लिहितोस, बॉयलर बिघडला म्हणून बोट हल नावाच्या बंदरात महिनाभर अडकली हाय, हात रिकामे, आन चहूकडं जमीन अशी सपाट की नजर टेकायला जागा नाय. ते वाचल्यापासून मलाबी बसवत नाय. उगाच उठते, गोठ्यात जाते, परत येते. तुझा आजा असाच होता. महाडच्या बाजाराला गेला तरी दुपारी परत फिरायचा, म्हणायचा, तिथं वर बघायला काय नाय. तू असं कर, कुठं उंचवटा असंल तर तो शोध. त्यावर चढून बस. जीव निवंल.

हितं वाडीच्या डोईवर आपला कडा हायच. या साली कड्याला आग्या माशीची सात मव्हाळं लागलीत, सुपासारखी लोंबतात. खालून नुसती बघायची. तुझा आजा गेल्यापासून बेचाळीस वर्षं तिथं मधासाठी कुणी दोर सोडला नाय. तुझा बाप तर मान वर करूनच बघत नाय, आन बघितलं तरी त्याचा डावा डोळा जन्माचा अर्धा मिटलेला, त्याला दिसणार किती.

लोकरीची बंडी अंगातून काढू नको.

चंद्रभागा


हल बंदर
२४ मे १९३०

प्रिय आजी,

पायांवर डोकं ठेवून लिहितो. पहिलं साळूआजीला सांग, इथे शेण आहे, पण कोणी सारवत नाही. तिला फार वाईट वाटेल.

तू उंचवटा शोध म्हणालीस. आजी, मला कडा सापडला.

आमच्या बोटीवर एक धाकटा इंजनेर आहे, हॅरीसाहेब. मोडकं हिंदुस्थानी बोलतो. त्याचा चुलता नेड इथून चाळीस मैलांवर समुद्राकाठच्या गावात राहतो. मी गोदीत पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझारा घालतो ते पाहून तो म्हणाला, चल, तुला माझ्या चुलत्याचा धंदा दाखवतो. आगगाडीतून उतरलो तर पुन्हा सगळं सपाट. शेतं, मेंढ्या, पिवळी फुलं. मी मनात म्हटलं, हेच बघायला आणलं का. आणि एकदम चार पावलांवर जमीन संपली. आपल्याकडे कडा दुरून दिसतो, वाट चढते, दम लागतो, मग कडा येतो. इथे काही सूचनाच नाही. मी गवतावर पालथा पडलो आणि डोकं पुढे काढून पाहिलं.

कडा पांढरा आहे. सुरीने कापलेल्या खरवसासारखा. उंची आपल्या कड्याच्या निम्मी असेल, पण खाली दरी नाही, समुद्र. आपल्या दरीत नजर पडली तर तिला एखादं झाड, एखादी पायवाट, कुणाच्या घराचा धूर काहीतरी धरायला मिळतं. इथे नजर पडते ती पडतच राहते. खालचं पाणी क्षणभर गप्प बसत नाही. तळापासून वरपर्यंत कड्याला खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेत पाखरं, हजारो. पाठ काळी, पोट पांढरं, खांद्याला खांदा लावून माणसासारखी उभी. महाडच्या कचेरीबाहेर वकील उभे असतात ना, तशी. आणि कलकलाट असा की शेजारचा बोललेला ऐकू येत नाही.

ती पाखरं घरटं बांधत नाहीत. उघड्या दगडावर एकच अंडं घालतात. हातभर जागा, पलीकडे समुद्र. मला वाटलं, वारा आला की सगळी खाली जाणार. तेव्हा नेडने एक अंडं घेऊन सपाट फळीवर ठेवलं आणि बोटाने ढकललं. आजी, ते पुढे गेलंच नाही. एका टोकाला इतकं निमुळतं आहे की स्वतःभोवती फेरा घेऊन जागच्या जागी परत आलं. रंगही एकासारखा दुसऱ्याचा नाही. एक निळं, एक हिरवं, एकावर शाईचे फराटे. गर्दीत आईला आपलं ओळखता यावं म्हणून असेल.

आता खरी गोष्ट. नेडचा धंदा म्हणजे ही अंडी काढणं. साठीचा म्हातारा कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरतो, डोक्याला पेंढा भरलेली टोपी, दोन्ही बाजूंना पिशव्या. वर तिघं दोर धरतात. मी पहिली गोष्ट काय विचारली असेल? विचारलं, दोर धरणारा याचा मेव्हणा का? हॅरीसाहेब म्हणाला, छे, शेजारी. मी म्हटलं, मग याच्या जिवाला जामीन कोण? ते सगळे हसले. मी हसलो नाही. तूच सांगितलं आहेस ना, मध काढणाऱ्याचा दोर बायकोच्या भावानेच धरायचा, कारण आपल्या बहिणीचं कुंकू तो पुसू देणार नाही.

तिघांपैकी एकाचा खांदा दुखावला आहे. माझे दंड पाहून नेड म्हणाला, तू धर. मी नाही म्हटलं. पण त्या दिवसापासून चैन पडत नाही. हाताला सारखा दोर लागल्यासारखा वाटतो. हंगाम महिनाभर आहे. तुझी परवानगी हवी.

येसाजी


वरचीवाडी
ज्येष्ठ वद्य पंचमी

येसाजी बाळा,

अंड्याचं वाचलं आन मी हसतच सुटले. भागोजी म्हणाला, आये, काय झालं. मी त्याला सांगू कसं? घरात कोंबडीचं अंडं होतं ते पाटावर ठेवून ढकललं, ते सरळ गेलं आन खाली पडून फुटलं. साळूबाई म्हणाली, "आपल्या कोंबडीला समुद्र ठाव नाय, तिचा काय दोष?" दोन दिवस वाडीत दुसरा विषय नाय. देवाने त्या एवढ्याशा जिवाचा किती विचार केला बघ. घर नाय दिलं, पण पडायचं नाय एवढी अक्कल अंड्यालाच दिली.

शेणाचं ऐकून साळूबाई हळहळली. मग म्हणाली, बिचारी.

पेरणी झाली. ओढा भरला. तुझ्या आईने लावणीच्या रोपांसाठी नाचणीचा तरवा टाकलाय. काळी शेळी व्याली, दोन पाटी झाल्या, बकरा एकबी नाय.

येसाजी, दोराचं मी अंगणात वाचलं नाय. तेवढा कागद दुमडून घेतला. तू त्या दोराला हात लावायचा नाय. म्हाताऱ्याने किती बी सांगू दे. तू त्याचा कुणी नव्हंस, तो तुझा कुणी नव्हं. आपल्या घराण्यात दोर नको. महिपत दादाने, माझ्या सख्ख्या भावाने, दोर सोडला आन तुझा आजा गेला, हे तुला ठाऊक हाय, वाडीला ठाऊक हाय, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नको.

मी हे लिहिते तंवर तुझे महिनाभराचे दिवस निम्मे गेले. पत्र पोचंल तंवर सगळे जातील. मला काय कळत नाय का? तरी लिहिते. पाऊस असा लागलाय की बाहेर पडता येत नाय, आन आत बसवत नाय. सकाळपासून चार वेळा जातं पुसलं. दळायचं काय नाय.

हात लावू नको.

आजी


हल बंदर
७ जुलै १९३०

प्रिय आजी,

तुझं पत्र काल मिळालं. मी दोर धरला. दोन आठवडे धरला. रागावू नकोस, आधी सगळं वाच.

तू म्हणतेस तो माझा कुणी नव्हे. मलाही तेच खटकत होतं. म्हणून मी आधी नातं जोडलं. नेडच्या बायकोचं नाव एलन. पिकलेले केस, मोठे हात, सदा कणकेने भरलेले. मी एका सकाळी तिच्या दारात गेलो, मुंबईत घेतलेला नवा रुमाल तिच्या हातावर चोळखण म्हणून ठेवला, खाली वाकलो, आणि हॅरीसाहेबाला म्हटलं, हिला सांग, आजपासून ही माझी बहीण. मला ओवाळ म्हणावं. त्याने काय सांगितलं देव जाणे. ती बाई माझ्याकडे बघत राहिली, मग तिने चुलीवरच्या फळीवरचा मेणबत्तीचा तुकडा पेटवला आणि मी हाताने दाखवलं तसा माझ्या तोंडासमोरून फिरवला. मग चहा दिला आणि मनुका घातलेला पाव. नेड दारात उभा होता. तो म्हणाला, आता तरी धरशील का रे मेव्हण्या? मी म्हटलं, आता धरतो.

भाऊबीजेला तू अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळतेस, भाऊ असून नसल्यासारखा म्हणून. एलनबाई मेणबत्ती फिरवत होती तेव्हा मला तेच आठवलं.

कड्यावर बसायची जागा आहे. गवतात टाचा रोवायला दोन खड्डे. दोर माझ्या कमरेभोवती, पाठीमागे लोखंडी खुंट. नेड कड्याखाली गेला की दिसत नाही. कलकलाटात हाकही ऐकू येत नाही. फक्त दोर. आजी, दोरावरून माणूस कळतो. तो खडकाला पाय लावून बाहेर झोका घेतो ते कळतं, थांबून पिशवी भरतो ते कळतं, एकदा तो दमला तेसुद्धा कळलं. समोर सगळा समुद्र हलतो आहे, ढग पळताहेत, पाखरं सुटताहेत, आणि त्या सगळ्या पळापळीत एक माणूस माझ्या हाताला बांधलेला. इतके दिवस जीव जागेवर नव्हता, तो तेवढा वेळ असायचा. तीन हिसके आले की वर ओढायचं. आपल्याकडेही तीनच ना?

पण त्यामुळेच मला एक गोष्ट समजेना. मी दोर सोडला असता तरी नेड पडला नसता, मागे खुंट आहे. आणि तू लहानपणी सांगायचीस की आपल्या कड्यावर दोर ऐनाच्या झाडाला बांधलेला असायचा. मग महिपत आजाने दोर सोडला म्हणजे काय केलं? दोर तुटलाही नव्हता. तो केवणीच्या सालीचा दोर आपल्या माळ्यावर मी पाहिला आहे, अखंड आहे. झाड जागेवर, दोर जागेवर, मग आजा पडला कसा? आणि ज्याच्या हाती दोर असतो त्याला खालचा माणूस इतका कळतो, तर महिपत आजाला काहीच कसं कळलं नाही?

हे मी महिपत आजाला विचारलं असतं. पण त्याला मी कधी पाहिलंच नाही. म्हणून तुला विचारतो.

येसाजी


वरचीवाडी
श्रावण शुद्ध द्वादशी

येसाजी,

साठीची नात मिळाली मला. तुझी बहीण ती माझी नातच. तिला सांग, रुमाल जपून ठेव, मी आले म्हणजे चोळी शिवून देईन. तिच्या हाताला कणीक असते हे वाचून बरं वाटलं. कणकेच्या हाताची माणसं वाईट नसतात.

पत्र येऊन सहा दिवस झाले. अंगणात वाचलं नाय. सांगितलं, भिजलं, अक्षर फुटलं. साळूबाई म्हणाली, "मंग सुकव की." ती काय साधी हाय व्हय?

पाऊस. भातलावणी झाली. काळ्या शेळीच्या पाटींना मुंगसावानी उड्या येतात. भागोजीला ताप होता, उतरला. दुसरं काय लिहू. दोनदा लिहायला बसले, दोनदा उठले. आता बसले ती लिहूनच उठंन.

दोर माझ्या हातात होता.

तुझा आजा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला माशी मध पिऊन टाकते, पोळं रिकामं होतं. महिपत दादा दोर धरायला यायचा होता, तो महाडला मीठ आणायला गेला तो आला नाय. तुझा आजा सकाळपासून आत-बाहेर, आत-बाहेर. शेवटाला म्हणाला, तू धर. झाडाला बांधलेलाच हाय, तुला फक्त वर ओढायचंय. बाईने दोराला शिवायचं नसतं. मी म्हटलं तसं. तो म्हणाला, कोण बघतंय?

भागोजी दीड वर्षाचा. ऐनाच्याच फांदीला झोळी बांधली आन त्यात निजवला. दोर सोडला. तू लिहिलंस ते खरं हाय रे, दोरावरून माणूस कळतो. मला सगळं कळत होतं. धूर दिला ते कळलं. मग धूर उलटा फिरला आन माशी वर आली. झोळीवर बसली. पोराने असा टाहो फोडला.

तेवढ्यात तीन हिसके आले.

येसाजी, मी दोराचे दोन वेढे झाडाला दिले आन पळाले. पोराला लुगड्यात गुंडाळला, ओढ्यापर्यंत धावले, पाण्यात बसवला. मागून हिसके येत असणार. ओढणारं कुणी नव्हतं. तो वाट बघून बुडाखालचा फास सोडून दोरावरून आपला आपण चढायला लागला असंल, अंगावर माशा, हात सुटला असंल. मी परत आले तंवर दोर नुसता लोंबत होता. हलका.

तुझ्या बापाचा डोळा जन्माचा नव्हं.

त्याच वक्ताला दादा मिठाची गोणी घेऊन वर आला. मला बघितलं, दोराला बघितलं. गोणी खाली ठेवली. म्हणाला, "दोर माझ्या हातात होता. तू पोराला घेऊन पाण्याला गेली होतीस." मी एकोणीस वर्षांची. बाईने दोर धरला आन घरधनी मेला असं कळतं तर सासरच्यांनी मला पोरासकट कड्यावरूनच लोटलं असतं. मी नाय म्हटलं नाय. त्या दिवशी नाय, तेराव्याला नाय, नंतर कदीच नाय.

त्याला वाडीने हाकललं. सख्ख्या बहिणीला जो रांडाव करतो त्याला मुलगी कोण देणार? रायगडाच्या पायथ्याला हिरकणीवाडीत एकटा राहतो. दोर वळून विकतो म्हणे. बघ कुठं जाऊन राहिला. हिरकणी बाळापायी कडा उतरली, तिचं नाव झालं. मी बाळापायी दोर सोडला, ते नाव दादाला लागलं. सुरवातीला सासू जाऊ द्यायची नाय. सासू गेली, मग तोंड नव्हतं. म्हणून चंद्राला ओवाळायची.

हे तुला लिहिलं. आता तू काय ते समज.

आजी


हल बंदर
३० ऑगस्ट १९३०

प्रिय आजी,

बॉयलर दुरुस्त झाला. परवा बोट सुटते, ऑस्ट्रेलियाकडे. पुढची पत्रं कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर टाक, ते पोचवतात.

काल शेवटचा कड्यावर जाऊन आलो. पाखरं गेली आहेत. सगळ्या खाचा रिकाम्या. पिलं उडायला यायच्या आधीच खाली समुद्रात उडी घेतात आणि बाप पाण्यात त्यांची वाट बघत असतो, असं नेड म्हणाला. एवढा कलकलाट होता तिथे आता फक्त पाण्याचा आवाज. मी टाचांच्या खड्ड्यात बसलो आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. माझ्या हाती दोर असता आणि मागे माझं पोर रडलं असतं तर मी काय केलं असतं, हे ठरवायला बसलो होतो. ठरलं नाही. बाबा जगला म्हणून मी आहे, तेव्हा मी ठरवणारा कोण.

पण आजी, एक सांगतो. हे पत्र तू मला लिहिलंस. ते माझं नव्हे. अंगणातल्या माणसांचं आहे, आणि त्याहून महिपत आजाचं. ते परत पाठवतो आहे, सोबत आहे.

बिरवाडीचा दत्ताराम आमच्याबरोबर होता, तो रजेवर घरी येतो आहे. त्याच्याकडे एक डबी दिली आहे. आत कापसात ते अंडं आहे, निळं. आतलं फुंकून काढलं आहे. एलनबाईने तुझ्यासाठी निवडलं.

येसाजी


हिरकणीवाडी
कार्तिक शुद्ध तृतीया

येसाजी बाळा,

वरचा पत्ता बघितलास? हितं दादाच्या ओट्यावर बसून लिहिते. पाठीला रायगड हाय, समोर दादा केवणीची साल सोलतोय, आन मला म्हणतो, किती लिहिशील गो, कागद संपंल. मी म्हटलं, संपू दे.

आधीपासून सांगते. पाऊस उघडला, दत्ताराम डबी देऊन गेला, आन तुझं पत्र आलं. त्यात माझंच पत्र. मला आधी राग आला. आजीला पत्र परत पाठवतो म्हणजे काय? दोन दिवस डब्यात ठेवलं. मग तांदळाखाली ठेवलं. मग काढलं. चैनच पडंना बघ, तोंडात घास फिरायचा. दिवाळीला मुंबईची पोरं घरी आलेली, अंगण नुसतं भरलेलं. साळूबाई म्हणाली, "सुकलं काय गो ते भिजलेलं?" मी म्हटलं, सुकलं. आन वाचलं. नातीपासून वाचलं, शेळीचं वाचलं, आन तसंच पुढं वाचलं, दुमडलं नाय.

माझा थोरला दीर हैबती, ऐंशीचा, तो उठून आत गेला, आन सकाळी बाहेर येऊन म्हणाला, महिपतीला घरी आण. साळूबाईने पदर डोक्यावर घेतला, म्हणाली, "चंद्रे, बेचाळीस वर्षं मी तुझ्यापुढं त्याला शिव्या घातल्या. तू ऐकत बसलीस." मी म्हटलं, बसले. मी निघेस्तवर ती बोलली नाय. बोलंल.

आन भागोजी. तो खांबाला टेकून उभा होता. डाव्या डोळ्यावर हात ठेवला. मला वाटलं आता हा मला काय बोलतोय. तो म्हणाला, "आये, महाडची मोटार किती वाजता सुटते?"

मोटारीत मी पहिल्यांदा बसले रे. दोन्ही हातांनी दांडा धरून बसले. भागोजी हसत होता. महाडपासनं कोंझरपर्यंत बैलगाडी, पुढं चालत. भाऊबीजेची संध्याकाळ होती. दादा ओट्यावर दोर वळत बसलेला. पाठ वाकली, दात नायत, पण हात तेच. त्याने वर बघितलं, मग भागोजीकडं बघितलं, मग म्हणाला, "हा झोळीतला का?" भागोजी त्याच्या पाया पडला.

मी ताट काढलं. दिवा वाऱ्याने दोनदा विझला. अंधारातच कुंकू लावलं, ते सगळं त्याच्या नाकावर. सांगितलं, दादा, मी अंगणात सगळ्यांपुढं वाचून आलेय. हैबती म्हणालाय, घरी ये.

त्याने हातातला दोर खाली ठेवला. मग चिडला. खरंच चिडला. म्हणाला, "कशाला वाचलंस? मी बरा धरला होता की."

मग मला रडू आलं, मग त्याला आलं, भागोजी बैलांना पाणी दाखवायला गेला, तिथं बैलच नव्हते.

आज सकाळी डबी काढली. अंडं त्याच्या पाटावर ठेवलं, बोटाने ढकललं. फिरलं आन परत आलं. त्याने पुन्हा ढकललं. दुपारपर्यंत हाच उद्योग, शेजारपाजारची माणसं जमली, मी सगळ्यांना एलनचं सांगितलं. येतो म्हणालाय आमच्यासंगं वरच्यावाडीला. राहतो का बघू. जात्याच्या खोलीत निजंल. मव्हाळं किती लागलीत ते बघायचंय म्हणे, उतरायचं नाय कुणी, नुसतं बघायचंय.

मी म्हटलं, येसाजीला काय लिहू तुझ्याकडनं? तो साल सोलतच राहिला. मग म्हणाला, "विचार त्याला, तिकडं दोर कशाचा करतात. ताग का काथ्या. आन पीळ उजवा देतात का डावा."

तर तेवढं कळव. तो सारखा विचारतोय.

चंद्रभागा